सोन्याच्या शोधात एकोणीस खड्डे

रेडिएटरवर ओले मोजे वाळत घातले की त्या कुबट वासासरशी मला ऐंशीच्या दशकातला एक दसरा आठवतो. मी तेव्हा ब्रिस्टलला विमानांच्या कारखान्यात होतो आणि हौसेने मेटल डिटेक्टर विकत घेतला होता. बायकोने त्याला हळदकुंकू वाहिलं आणि मला बजावलं, "सीमोल्लंघनाला जाताय ना, मग खरं सोनं आणा. रिकाम्या हाताने आलात, तर उद्या हे दुकानात परत!" मग काय, एका शेतकऱ्याची परवानगी काढून मी त्याच्या माळावर उतरलो. यंत्र पावलापावलाला किंचाळत होतं. घामाघूम होऊन एकोणीस खड्डे खणले, निघाली फक्त गांडुळं. शेवटी शेतकरी कुंपणाशी येऊन म्हणाला, "दोस्ता, ते बूट काढ बघू." पुढे पोलादाची वाटी बसवलेले कारखान्यातले बूट! मी चिखलात नुसत्या मोज्यांवर उभा राहिलो आणि यंत्र गप्प झालं. ओशाळून खड्डे बुजवायला लागलो, तर तो म्हणाला, "राहू दे रे, मला सफरचंदाची झाडं लावायचीच आहेत." यंत्र दुसऱ्या दिवशी परत गेलं. पण असं यंत्र घेऊन सोनं शोधण्यात कमाई असते की नुसता छंद, असं आजही कोणी विचारलं, तर मी छातीठोकपणे सांगतो, कमाई असते की! त्या शेतकऱ्याची बाग दरवर्षी लगडते.