बिनतक्रारीचे मोहिते

कोपरखैरण्याच्या सोसायटीत आम्ही राहायला आलो त्याच संध्याकाळी मोहिते साहेब दारात उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, हात मागे बांधलेले. "मी मोहिते. चेअरमन. शेजारचाच फ्लॅट. तुमच्याकडे लहान मुलं आहेत का?"

मुलगी लग्न होऊन गेली, आता आम्ही दोघंच, असं मी सांगितलं. त्यांचा चेहरा असा खुलला की जणू आमच्या मुलीचं लग्न त्यांनीच जमवलं असावं. "झकास! मग तुमच्याकडून तक्रार यायची नाही."

साहेब मूळचे साताऱ्याकडचे. महापेच्या एका कंपनीत क्वालिटी खात्यात मोठ्या हुद्द्यावर होते. दिवसभर तिथे सुट्या भागांतले दोष शोधायचे आणि संध्याकाळी पार्किंगमध्ये फेरी मारून सोसायटीच्या पोरांमधले. "हे लाडानं नासलंय." "हिला वळणच नाही." "ह्याचं लक्षण आत्ताच ठीक दिसत नाही." पास झालेलं पोर एकच, त्यांचा निखिल. तेव्हा तो पहिलीत होता. बापामागून फरशीच्या रेघा चुकवत चालायचा. "चांगला पंखा आणि चांगलं पोरगं," साहेब म्हणायचे, "चालू असलं तरी आवाज नाही आला पाहिजे, बघा."

आवाज यायचा तो तळमजल्यावरच्या रिद्धीचा. ही कोपरखैरणे गावातल्या पाटलांची नात. वडील अपघातात गेले आणि पोर चावायला लागली. शाळेत चावली, खाली खेळताना चावली, एकदा साहेबांच्या स्कूटरचा आरसा दगडानं फोडला. साहेबांनी सोसायटीची नोटीस काढली आणि ती स्वतः द्यायला गेले. रिद्धीची आई दारातच म्हणाली, "माजी पोर वाईट नाय हाय, साहेब. बापूस गेला तवापासून तिला कोन जवल आला तरी भीती वाटते. म्हनून चावते."

"भीती वाटणारं माणूस पळतं, वहिनी. चावत नाही," साहेब म्हणाले आणि सही घेऊन वर आले.

शेवटी शाळेनंच त्या आईला मुलांच्या समुपदेशक बाईंकडे पाठवलं. ती शरमेनं गेली, पण जात राहिली. सोसायटीत कुजबुज झालीच. साहेब म्हणाले, "आमच्यावर ही वेळ यायची नाही."

भिंतीला भिंत लागून असल्यामुळे निखिल मोठा होताना मी पाहिला. पहिली-दुसरीत रोज सकाळी शाळेच्या वेळेला त्याच्या पोटात दुखायचं. साहेब ओवा चावायला द्यायचे आणि बसमध्ये बसवायचे. "रडत नाही बघा, गुपचूप बसतो!" पाचवीत तो एकेक अक्षर कागद फाटेपर्यंत खोडायला लागला. साहेबांना धन्य वाटलं. "ह्याला म्हणतात परफेक्शन!" सातवीत त्यानं खाली खेळायला जाणं सोडलं. नखं कुरतडून बोटं सोललेली असायची. "मित्रच नाहीत," साहेब अभिमानानं सांगत, "मग बिघडणार कुणाच्या संगतीनं?" आम्ही सगळे माना डोलवायचो. चेअरमनचं पोरगं, शिवाय वर्गात पहिला. त्यात काय चुकायचं?

सव्वीस जानेवारीला साहेबांनी सोसायटीतर्फे 'आदर्श बालक' पुरस्कार सुरू केला. निवड समितीत साहेब, पुरस्कार देणारे साहेब, घेणारा निखिल. एका वर्षी नाव पुकारलं तरी पोरगा येईना. पाण्याच्या टाकीमागे तो ओकत होता. तोंड पुसून आला, करंडक घेतला, फोटोपुरता हसला. "वडा बाधला," साहेबांनी माइकवर जाहीर केलं. त्या दिवशी वडे अजून तळायचेच होते.

नववीत एका सकाळी निखिल गणवेश घालून, बूट बांधून पलंगावर बसला आणि उठलाच नाही. साहेबांनी समजावलं, आरडाओरडा केला, हात धरून ओढलं, शेवटी नवा फोन कबूल केला. पोरगा खाली बघत बसून राहिला. दुसऱ्या दिवशीही तेच. साहेब शाळेला म्हणाले, "व्हायरल आहे." आम्हालाही व्हायरलच सांगितलं. हा व्हायरल गणपतीत आला आणि दिवाळीचा कंदील लागला तरी उतरला नव्हता.

एक दिवस मोहितेवहिनी माझ्या स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकल्या. "काल तो मला म्हणाला, 'आई, मी नसतोच तर बाबांना बरं वाटलं असतं का?'"

मी गॅस बंद केला. "साहेबांना सांगितलंत?"

"सांगितलं. सकाळपासून ते बाथरूममध्ये नळ सोडून बसलेत."

त्याच दुपारी साहेब तळमजल्यावर गेले. रिद्धीच्या आईनं हे मला पुढे हसत हसत सांगितलं. दार उघडल्यावर म्हणाले, "लीकेज बघायला आलोय." तिनं त्यांना आत घेतलं. त्यांनी छत बघितलं, मोरी बघितली, कोरड्या भिंतीवरून हात फिरवला. मग भिंतीकडेच तोंड करून विचारलं, "ते तुम्ही मुलीला न्यायचात... त्या बाई कुठं बसतात?"

"पत्ता कशाला, मी येते की तुमच्यासंगं," ती म्हणाली. "पयल्या दिवशी पाय उचलत नाय, मना म्हाईत हाय."

समुपदेशक बाईंनी निखिलशी बोलायला सुरुवात केली आणि साहेबांनाही काम दिलं. रोज संध्याकाळी मुलाजवळ बसायचं. सल्ला द्यायचा नाही, चूक काढायची नाही. जन्मभर दोष शोधण्याचा पगार घेतलेल्या माणसाला ही शिक्षा काळ्या पाण्याची होती. ओठ घट्ट मिटून ते पोराशेजारी बसत आणि फारच कोंडलं की गॅलरीत येऊन मला गाठत. "ताई, केस बघा त्याचे, मानेवर आलेत! मी काही बोललो नाही हां!" पाठ ताठ ठेवावी, गणित पहाटे करावं, दूध गार पिऊ नये, हे सगळे उपदेश त्या हिवाळ्यात मी ऐकले. "किती दिवस लागतील विचारलं, तर बाई म्हणतात सांगता येत नाही. आमच्या कंपनीत असं उत्तर दिलं असतं तर घरी बसवलं असतं."

सुधारणा काही ओळीनं आली नाही. पोरगा चार दिवस बोले, आठ दिवस गप्प. मग एका रविवारी शेजारून निखिलचा आवाज चढला. "तुम्ही मला कधी विचारलंय का मला काय हवंय?" आणि धाडकन दार आपटलं. आमच्या भिंतीवरचं कॅलेंडर पडलं. मी घाबरून बाहेर आले, तर साहेब जिन्यात उभे, डोळ्यांत पाणी, पण चेहरा खुललेला. "ऐकलंत? माझ्यावर ओरडला! डायरेक्ट तोंडावर!" मी तक्रार करते की काय, असं वाटून हातच जोडले त्यांनी. "कॅलेंडर मी लावून देतो."

निखिलनं नववी पुन्हा केली, दुसऱ्या शाळेत. पुढच्या वर्षी मोहिते कुटुंब उलव्याला नव्या घरात गेलं. वास्तुशांतीला आम्ही गेलो, रिद्धी आणि तिची आईही आल्या होत्या. साहेब सोवळं नेसून पंगतीत स्वतः वाढत होते. त्यांचे एक साताऱ्याचे पाहुणे भरल्या पंगतीत मोठ्यानं म्हणाले, "काय दिलीपराव, पोराचं एक वर्ष वाया गेलं म्हणे?"

वहिनींचा हात थांबला. व्हायरल येतो की काय, म्हणून मीही साहेबांकडे पाहिलं. त्यांनी मसालेभाताचा चमचा पातेल्यात ठेवला.

"गेलं की. वर्ष गेलं, पोरगं राहिलं," साहेब म्हणाले. "तुम्हाला भात वाढू का अजून?"