वर्णनातली एक ओळ

पस्तीस वर्षांच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, एका दंगलीत डोक्याला टाकेही पडले. त्यातले बरेचसे आता पुसट झाले आहे. एक साधी मिसिंग मात्र पुसली जात नाही. मिसिंग म्हणजे माणूस हरवल्याची नोंद. पोलीस ठाण्यात तिला गुन्ह्याचा मान नसतो. वेळ मिळेल तसा तपास होतो. या प्रकरणातल्या कुणाचेही नाव मी देणार नाही. का, ते वाचणाऱ्याला पुढे कळेलच.

पुण्याच्या कडेने काचेच्या इमारती उभ्या राहू लागल्या होत्या आणि नगर रस्त्यावरच्या गावांत ज्वारीच्या शेताला लागून बंगले दिसू लागले होते, त्या दिवसांतली ही हकीकत. मी उपनिरीक्षक होतो. कसबा पेठेतल्या एका चौकीचा कारभार माझ्याकडे होता. एका सोमवारी सकाळी पन्नाशीच्या एक तृतीयपंथी गुरू चौकीत आल्या. त्यांची चेली चार दिवसांपूर्वी भाजी आणायला म्हणून बाहेर पडली होती, ती परतली नव्हती. टेबलावरचा शिपाई रजिस्टर उघडून बसला.

"हरवलेला पुरुष का स्त्री? काय लिहू?"

"बाई लिहा."

"आणि तुझं नातं? गुरू? मग काय, शाळा बुडवून पळाली का?"

"नातं आई लिहा. बापाचा रकाना मोकळा दिसतोय. तिथं तुमचं नाव घाला, माझी काही हरकत नाही."

सगळी चौकी हसली. शिपाईही हसला. पण त्या हसल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून गोळ्यांची एक प्लॅस्टिकची बाटली काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली.

"साहेब, ही तिची. सकाळी नऊ आणि रात्री नऊ. एकही चुकवायची नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. मध्येच बंद पडली तर पुढं हे औषध लागू पडत नाही म्हणे. आणि दुसरं सरकारी दवाखान्यात मिळत नाही."

"कसलं औषध आहे?"

त्यांनी एकदा शिपायाकडे पाहिले, मग वाकून हळू आवाजात सांगितले. वर म्हणाल्या, "ही गोष्ट तुमच्याजवळच राहू द्या."

मी मान हलवली. ती बाटली मी हातात घेतली नाही, पेनच्या टोकाने फिरवून लेबल वाचले. हेही सांगून टाकतो, म्हणजे मी त्या वेळी किती शहाणा होतो ते समजेल.

माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात हमाल होते. सही करायला ते चाळिशीत शिकले. घराण्यातला पहिला पदवीधर मी. मला माझ्या लिखाणाचा अभिमान होता आणि तो खोटा नव्हता. माझ्या पंचनाम्यात बचावाच्या वकिलाला फट सापडत नसे. मिसिंगचा वायरलेस संदेश लोक दोन ओळींत उरकत. मी उरकत नसे. त्या दिवशीही मी स्वतः मसुदा लिहिला. वय सव्वीस, रंग सावळा, डाव्या भुवईवर जुना व्रण, केस कमरेपर्यंत, अंगावर हिरवी साडी. आणि शेवटी लिहिले, 'सदर इसम एड्सबाधित असून औषधोपचाराची तातडीने गरज आहे.' कुठल्याही ठाण्याला, कुठल्याही दवाखान्याला ती मिळून आली तर त्यांना लगेच कळावे, हा हेतू. गुरू काय म्हणाल्या होत्या ते मी विसरलो नव्हतो. सरकारी काम आहे, ते खात्यातच राहील, असे मी धरून चाललो. नियंत्रण कक्षातून तो संदेश दुपारपर्यंत शहरातल्या आणि ग्रामीण भागातल्या सर्व ठाण्यांना गेला.

मंगळवारी मंडईबाहेरच्या एका फुलवालीकडून धागा मिळाला. ती म्हणाली, "पांढऱ्या जीपमधून एक टापटीप पोरगा उतरला. त्यानं तिला कसल्या तरी नावानं हाक मारली, बाप्याच्या नावानं. ती दचकून थांबली. मग तो म्हणाला, आई लई आजारी हाय, तुझं नाव घेती. तशी ती आपली आपण जाऊन गाडीत बसली. कुणी ओढलं-बिढलं नाही हं साहेब." जीपच्या मागच्या काचेवर वाघोलीकडच्या एका तरुण मंडळाचे नाव तिने वाचले होते.

एवढे पुरे होते. त्या भागात चौकशी करताना एक कुटुंब सापडले. पूर्वीचे शेतकरी, आता खाऊनपिऊन सुखी. थोरला मुलगा दोन वर्षांपूर्वी घर सोडून गेलेला, धाकटा संगणकाच्या कंपनीत. धाकट्याला मी गुरुवारी चौकीत बोलावले. गळ्यात कंपनीची पट्टी, खिशात दोन मोबाईल.

"सर, मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. अकराला माझी मीटिंग आहे."

"मग तिथं कळवून टाका, येत नाही म्हणून. आपण बसा."

तो बसला. भाऊ मुंबईला असतो, दोन वर्षांत संबंध नाही, जीप मित्राने नेली होती, असे सगळे त्याने न अडखळता सांगितले. खरे बोलणारा माणूस विचारले तेवढेच सांगतो आणि मध्ये मध्ये विसरतो. खोटे बोलणाऱ्याला गप्प बसवत नाही. आपण गप्प राहिलो की ती जागा तो स्वतःच भरायला घेतो. म्हणून मी गप्प राहिलो. रजिस्टर उगाच चाळत बसलो.

"सर, तुम्हीच विचार करा," तो म्हणाला. "आमच्याकडं रविवारी कार्य आहे. आम्ही एज्युकेटेड माणसं. असला रोग झालेल्याला आम्ही गाडीत घालून घरी आणू का?"

मी रजिस्टर मिटले.

"रोगाचं तुम्हाला कुणी सांगितलं? मी तर शब्द काढला नाही."

त्याचा चेहरा उतरला. त्याला पकडले याचा मला आनंद व्हायला हवा होता. पण पुढचे उत्तर मला आधीच कळले होते.

"तुमच्याच माणसानं," तो म्हणाला. "आमच्या गावच्या जमादारानं."

गावात ग्रामीण पोलिसांचे दूरक्षेत्र, म्हणजे लहान चौकी होती. तिथल्या जमादाराला मी फोन लावला. तो आढेवेढे न घेता बोलला.

"साहेब, आपला संदेश वाचला. भुवईवरच्या खुणेवरनं पोरगा ओळखला. रविवारी त्याचंच लग्न हाय. थोरला बिनलग्नाचा ठेवला तर धाकट्याला पोरगी कोण देणार? सोयरे पहिलं थोरल्याचंच विचारतात. म्हणून आणलाय त्याला, केस कापून. नवरी माझ्या पाहुण्यातली हाय. गरिबाची पोर. आपला कागद वाचल्यावर मी गप कसा बसू? घरी जाऊन सांगितलं, लग्न मोडा म्हणून."

"आणि तो मिळाला आहे हे मला कळवावं, असं नाही वाटलं?"

"घरातल्या घरात मिटंल म्हणलं."

"आता तो कुठं आहे?"

"तेच, साहेब. मंगळवारी सांगितलं, तवापासून घरात दिसत न्हाई."

नोकरीत मी बरेच गुन्हेगार घामाघूम झालेले पाहिले. त्या दिवशी माझा शर्ट पाठीला चिकटला होता. त्या नवरीचे आयुष्य माझ्या ओळीने वाचले, हे खरे. पण त्याच ओळीमुळे ज्या घराला आता तोंड दाखवायची सोय उरली नव्हती, त्या घराच्या ताब्यात गुरूंची चेली होती, आणि दोन दिवस कुणाला दिसली नव्हती. धाकट्यासमोर मी उभा राहिलो. आवाज चढवला नाही.

"जिवंत आहे का?"

"सर, आम्ही काही केलं नाही. फक्त शेतावर ठेवलंय. मोटारीच्या खोलीत."

"खायला?"

"आई नेते."

आम्ही निघालो. हद्द ग्रामीणची, त्यामुळे आधी तिथल्या ठाण्यात जाऊन डायरीत नोंद करणे आणि त्यांचा माणूस बरोबर घेणे भाग होते. डायरी लिहिणारा एकेक अक्षर कोरत होता. मी चुकलेल्या गोळ्यांचा हिशेब करत होतो. सोमवारपर्यंत आठ, त्यानंतर सहा-सात. नगर रस्त्यावर दगडाचे ट्रक तुंबलेले. धाकटा मागच्या सीटवर नखे खात होता. नऊवारीतली एक बाई शेताच्या बांधावर उभी दिसली. ती त्यांची आई. तिने आम्हाला अडवले नाही, जवळही आली नाही.

पाण्याच्या मोटारीची पत्र्याची खोली, दाराला कुलूप. उघडले तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती. अंगात धाकट्याचा शर्ट, डोके भादरलेले, अंगात ताप. दाराच्या आत हातभर अंतरावर एक ताट, त्यात वाळलेली भाकरी. तिने माझ्या खांद्यावरचे तारे पाहिले आणि पाणी मागण्याच्या आधी विचारले,

"ह्यांना कुणी सांगितलं?"

मी म्हणालो, "आधी बाहेर चला."

गाडीत पाणी प्यायल्यावर तिने पुन्हा तेच विचारले. जमादाराचे नाव माझ्या तोंडापर्यंत आले होते. सांगितले असते तर ते खोटेही ठरले नसते.

"मी," मी म्हणालो. "संदेशात मी लिहिलं होतं."

तिने पाण्याची बाटली खाली ठेवली. मग म्हणाली, "केस कापले तेव्हा मी रडले नाही, साहेब. हळदीच्या दिवशी मुलीच्या बापाला मीच सांगणार होते आजाराचं, सगळ्यांदेखत. काय व्हायचं ते झालं असतं. पण तोवरचे दिवस माझे होते. दोन वर्षांनी आई शेजारी बसून घास भरवत होती. मंगळवारपासून ताट काठीनं आत सरकवते."

मी चालकाला गाडी सरळ दवाखान्याकडे घ्यायला सांगितले.

दवाखान्यात गुरू बाटली घेऊन आल्या. डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या. औषध अजून लागू पडते की नाही, ते काही महिन्यांनी रक्त तपासल्यावरच कळेल, असे म्हणाले. मी तिचा जबाब घेतला. सज्ञान असून स्वखुशीने गुरूकडे राहायचे आहे. घरच्यांविरुद्ध डांबून ठेवल्याची तक्रार द्यायला तिने साफ नकार दिला. लग्न मोडले. जमादारावर मी अहवाल पाठवला नाही. पाठवायचा तर त्यात पहिले नाव माझे लिहावे लागले असते, आणि ते लिहिण्याची हिंमत मला झाली नाही, हेही खरे आहे.

प्रकरण एवढ्यावर थांबले नाही. पंधरा दिवसांनी गुरू पुन्हा चौकीत आल्या आणि उभ्या उभ्याच बोलल्या. "साहेब, आमच्या केंद्रावर ह्या आजाराच्या तपासणीला पुरुष यायचे. पुरुषांवर जीव असणारे, ऑफिसात काम करणारे, कुणी बायकापोरं असलेले. महिनोन् महिने समजावल्यावर एकेक जण यायचा. आता येत नाहीत. म्हणतात, पोलीस वायरलेसवर सांगतात. तुम्ही माझी एक चेली परत आणलीत. ते किती गेले, त्यांची मिसिंग मी कुठं लिहू?"

या वेळी शिपाईही हसला नाही. त्याने उठून त्यांना खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत.

त्यानंतर मी दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंकडे दोनदा जाऊन बसलो आणि जे आधी माहीत असायला हवे होते ते शिकून घेतले. पुढे जिथे जिथे बदली झाली तिथे मिसिंगचा मसुदा मी स्वतः तपासत असे. 'नियमित औषध चालू आहे, मिळून आल्यास तातडीने सरकारी दवाखान्यात न्यावे', एवढे वाक्य पुरते. कुणाचे काही अडत नाही. पूर्ण लिहिणे म्हणजे चांगले लिहिणे, अशी माझी समजूत होती. आपला कागद शेवटी कुणाच्या हातात पडणार आहे, याचा विचार कॉलेजात कुणी शिकवला नाही, आणि पोलीस प्रशिक्षणातही नाही. मला तो दुसऱ्याच्या जिवावर शिकावा लागला.

महिन्याभराने ती आई एकटीच चौकीत आली. बसने आली होती. बाकावर न बसता टेबलाशी उभी राहिली.

"तो कागद तुमीच लिवला व्हता ना?"

"हो."

"मंग तुमीच सांगा. गावात कुणाला इचारू? त्याला जवळ घेतलं तर लागतो का तो आजार?"

"नाही लागत, बाई."

"येका ताटात जेवलं तर?"

"नाही."

तिने पदराने तोंड पुसले. माझ्याकडे बघत म्हणाली, "मंग ते का न्हाई लिवलं?"

मी कोर्टात तासनतास उलटतपासणी सोसली आहे. असा प्रश्न मला तिथे कुणी विचारला नव्हता. तिने मुलीचा पत्ता मागितला. कायद्याने तो मला देता येत नव्हता, म्हणून गुरूंना फोन करून मुलीची परवानगी घेतली. पुढच्या गोळ्यांच्या तारखेला आई दवाखान्याच्या रांगेत जाऊन उभी राहिली, एवढे गुरूंनी नंतर कळवले. तिने मुलीचा हात धरला की नाही, ते विचारायचा मला धीर झाला नाही.