बोळातली विटांची थप्पी

नोकरीत रक्त पुष्कळ पाहिलं. त्यापायी माझी झोप कधी उडाली नाही. उडवली ती विटांच्या एका थप्पीने. आजही कुणाच्या घराला मागे खोली काढायचं काम चालू दिसलं की ती थप्पी डोळ्यांपुढे उभी राहते. गाव आमच्या यवतमाळ जिल्ह्यातलंच, पांढरकवड्याहून मुकुटबनकडे जाताना लागणारं. गावाचं नाव सांगत नाही, माणसांचीही सांगणार नाही. त्यांना अजून तिथेच राहायचं आहे.

मी तिथे ठाणेदार होतो. सकाळची हजेरी चालू असताना ठाण्याचा फोन वाजला. "ड्रायव्हरले मेकॅनिकनं मारलं. सब्बल घातली डोक्यात. लवकर या साहेब, नाही तं आम्ही पाहून घेतो." नाव विचारायच्या आत फोन बंद.

ड्रायव्हर कोण आणि मेकॅनिक कोण हे अंमलदाराला विचारावं लागलं नाही. ही दोन घरं ठाण्याला पाठ झाली होती. ड्रायव्हर म्हणजे एसटीतून निवृत्त झालेले काका, बौद्ध कुटुंबातले. मेकॅनिक म्हणजे त्यांचा शेजारी, मुसलमान, चाळिशीचा, मोटारसायकली दुरुस्त करणारा. दोन घरांमध्ये एक अरुंद बोळ आणि बोळातून दोघांच्या सांडपाण्याची एकच नाली. ड्रायव्हरच्या एकुलत्या एका पोराचं लग्न ठरत होतं म्हणून घरामागे खोली काढली. काढताना भिंत हातभर बोळात सरकली आणि नाली भिंतीखाली गेली. पाणी जायला खालून पाइप टाकला, पण तो बारीक. झालं! पाणी तुंबायचं आणि उलटं मेकॅनिकच्या घरात शिरायचं. दोघांनी एकमेकांविरुद्ध तक्रारी दिल्या होत्या. आम्ही अदखलपात्र नोंद घेतली, दोघांनाही समज दिली आणि घरी पाठवलं. नालीच्या भांडणात पोलीस याहून जास्त काय करणार?

घटनास्थळी पोहोचलो तेव्हा काकांना गाडीत घालून यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात रवाना केलं होतं. बोळाच्या तोंडाशी ही गर्दी. मेकॅनिक आपल्या ओट्यावर बसलेला, शर्ट रक्ताने भरलेला. पळाला नव्हता. काकांचा पोरगा त्याच्या अंगावर धावून जात होता आणि दोन माणसं त्याला धरून होती.

"म्या डोळ्यानं पाह्यलं साहेब! हा सब्बल घेऊन उभा होता, बाबा खाली पडले होते. यानं आमची भिंत पाडली. बाबा आडवे गेले तं त्यायलेच मारलं!"

फिर्याद सरळ होती. साक्षीदार घरचाच, हत्यार म्हणजे ती सब्बल, लोखंडी पहार, जागेवर, वैर नोंदीत. तेव्हा जुना कायदा होता. तीनशे सात लावलं, म्हणजे खुनाचा प्रयत्न. मेकॅनिकला अटक केली. काका दगावले असते तर तेच कलम तीनशे दोन झालं असतं आणि हा माणूस जन्मभरासाठी आत गेला असता.

मग पंच बोलावून पंचनाम्याला बसलो आणि तिथे माझं डोकं अडकलं. भिंतीला खालून मोठं भगदाड होतं. वरचा भाग कोसळून विटा आणि सिमेंटच्या मसाल्याची ढेकळं इकडेतिकडे पडली होती, त्यांवर रक्त. हे समजण्यासारखं होतं. पण बोळाच्या कडेला काही विटांची नीट थप्पी लावलेली होती. एकावर एक, आडव्या-उभ्या. प्रत्येक वीट हातोडीने खरडून साफ केलेली, पुन्हा वापरता यावी अशी. थप्पीमागे एक रुंद, कोरा पाइप आडवा ठेवला होता.

मी पंचाला म्हणालो, "का हो, दुसऱ्याची भिंत रागाने पाडणारा माणूस विटा साफ करून ठेवतो का?"

पंच म्हणाला, "साहेब, म्या तं सोताच्या घराच्याही नाही ठेवत."

ठाण्यात येऊन मेकॅनिकला समोर बसवलं.

"सब्बल तुझी?"

"हो साहेब."

"तुझ्याच हातात होती?"

"होती."

"मग मारलं कोणी?"

"म्या नाही मारलं."

"अरे, मग सकाळी सकाळी त्यांच्या भिंतीपाशी करून काय राह्यला होता?"

दटावून पाहिलं, गोडीने पाहिलं, आवाज चढवला. माझा आवाज चढला की बाहेर पहाऱ्यावरचा संत्रीसुद्धा सावध होतो, पण हा गडी मान वर करेना. शेवटी एवढंच बोलला, "जुबान देली आहे साहेब. नोका विचारू."

"कोणाला दिली?"

संतापाने माझ्या अंगाची लाही झाली. माणूस जन्मभर आत जायची वेळ आली आणि हा जुबान सांभाळतो! त्याच्यासाठी जेवणाचं ताट आलं, तेही त्याने तसंच परत केलं. तीस वर्षांत मी एक पाहिलं होतं. खोटं बोलणाऱ्याला गोष्ट सांगायची घाई असते. याच्याकडे गोष्ट होती, पण सांगायची नव्हती.

दुपारी महिला शिपायाला घेऊन यवतमाळ गाठलं. काका बेशुद्धच होते. डॉक्टर म्हणाले, डोक्यात रक्त साकळलं आहे, आता काही सांगता येत नाही. काकू व्हरांड्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या. भोवती नातेवाइकांचं कडं. कोणी मोर्चा काढू म्हणत होतं, कोणी फोनवर मजकूर पाठवत होतं. जबाबात काकूंनी एवढंच लिहून दिलं होतं, की मी घरात होते, मला काही माहीत नाही.

महिला शिपायाने त्यांना पाणी प्यायच्या निमित्ताने बाजूला आणलं. मी काही विचारण्याआधी त्यांनीच हळूच विचारलं, "साहेब, तो जेवला का?"

मला आधी कळेचना. "कोण?"

"तोच. तुमच्या कोठडीतला."

"नाही. ताट परत केलं."

"रोजेही नाहीत सध्या. मंग काहून नाही जेवला?" म्हणाल्या आणि पदरात तोंड खुपसून ओक्साबोक्शी रडायला लागल्या.

नवऱ्याचं डोकं फोडणाऱ्याच्या जेवणाची चौकशी करणारी बाई मी पहिल्यांदाच पाहत होतो. मी म्हणालो, "काकू, जुबान त्याने तुम्हाला दिली आहे की काकांना?"

तेव्हा बांध फुटला. "आमच्या भांड्याचं पाणी साहेब, त्याच्या म्हाताऱ्या मायच्या खाटेखाली जाऊन राह्यलं होतं. थे अम्मा उठू नाही शकत. याच पोराच्या बाळंतपणात हे ड्युटीवर होते, तं तिनं माह्या अंगाले तेल लावलं होतं. म्या यायले म्हटलं, हे पाप आहे. यायलेही पटलं. पण पोरगा आयकते का? खोली हातभर लहान होईन म्हणते. पोरीकडचे पाहून गेले म्हणते. पानठेल्यावर साऱ्यायसमोर बोलून आला, की बाप मधात आला तरी भिंत हलणार नाही."

मग बाप आणि मेकॅनिकने मिळून ठरवलं. पोरगा उशिरा उठतो. तेवढ्यात खालच्या विटा काढायच्या, रुंद पाइप घालायचा आणि भिंत पुन्हा बांधून टाकायची. कोणाला पत्ता लागू द्यायचा नाही, अशी जुबान मेकॅनिकने काकांना दिली. काकू म्हणाल्या, "दोघंही हसून राह्यले होते साहेब. म्या चहा देला. कप घेऊन आत गेली अन् धडाडकन आवाज आला."

तुंबलेल्या पाण्याने वरची भिंत ओलीच होती, ती काकांवर आली. मेकॅनिक सब्बल लावून ढेकळं उचलत होता आणि नेमक्या त्याच वेळी पोरगा बाहेर आला.

"मग सकाळीच का नाही सांगितलं?"

"पोरानं फिर्याद देऊन टाकली होती. आता सांगतलं तं खोटी फिर्याद देली म्हणून त्याले नाही धरान का तुम्ही?"

बाई एका बाजूला पोर आणि दुसऱ्या बाजूला शेजारी अशा कात्रीत सापडली होती. मी म्हणालो, "जे दिसलं त्याचा चुकीचा अर्थ लावला, तर तो गुन्हा होत नाही. पण तुम्ही आज गप्प राहिलात तर एक निर्दोष माणूस जाईल." तेवढ्यात ठाण्यातून फोन आला. काका मेले अशी अफवा गावात पसरली होती. ठाण्यासमोर दोन-अडीचशे माणसं जमली होती आणि मेकॅनिकच्या घराकडे दुसरा जमाव निघण्याच्या तयारीत होता. नालीच्या भांडणाला दुपारभरात भलताच रंग चढला होता.

काकू ते ऐकत होत्या. डोळे पुसून म्हणाल्या, "चला साहेब."

पांढरकवड्यावरून ज्यादा कुमक मागवली आणि जीप सुसाट सोडली. सगळा रस्ता माझा जीव टांगणीला. ठाण्यासमोर पोहोचलो तेव्हा फाटक हलवणं सुरू होतं. सगळ्यांत पुढे काकूंचा पोरगा. काकूंना पाहून गर्दीने वाट दिली. लोकांना वाटलं, बाई कुंकू पुसून आली.

काकू जीपच्या पायरीवरूनच ओरडल्या, "तुया बाप जित्ता आहे रे! कोणं मारलं त्याले? त्यानं सोताच्या हातानं इटा काढल्या. या मेकॅनिकनं त्याले ढिगाऱ्यातून काढलं. म्या चहा करून देला दोघायले!"

पोरगा पांढराफटक पडला. धावत जवळ आला आणि दबल्या आवाजात म्हणाला, "माय, घरी चाल. लोकं पाहून राह्यले."

"पाहू दे! आधीच पाहू देलं असतं तं तुया बापाचं डोकं फुटलं नसतं."

मागचे लोक हळूहळू निघून गेले, मग पुढचे. मेकॅनिकच्या घराकडे निघालेला जमावही ही बातमी ऐकून पांगला. पोरगा तिथेच फाटकापाशी खाली बसला. काकू आत आल्या, नवा जबाब दिला आणि मेकॅनिकसाठी ताट मागवलं. तो त्यांच्यासमोर जेवला.

पुढे शास्त्रीय तपासणीचा अहवाल आला, सब्बलीवर वार केल्याची खूण नव्हती. काका शुद्धीवर आल्यावर त्यांचा जबाबही तसाच झाला. कलम एकशे एकोणसत्तरचा, म्हणजे आरोपीविरुद्ध पुरावा नसल्याचा, अहवाल कोर्टात पाठवला आणि मेकॅनिक सुटला. काका वाचले, मात्र डावा हात पूर्वीसारखा राहिला नाही. भिंत पुढे पोराने आणि मेकॅनिकनेच बांधली, हातभर मागे घेऊन, बाजाराच्या दिवशी, भरदुपारी. खोली लहान झाली म्हणून लग्न काही मोडलं नाही.

या प्रकरणाने मला शिकवलं ते कुठल्या प्रशिक्षणात शिकवत नाहीत. आपले लोक भांडतात चव्हाट्यावर आणि समेट करतात चोरून. माघार घेतली तर नाक कापलं जाईल, ही भीती डोकं फुटण्याच्या भीतीपेक्षा मोठी. त्यानंतर नाली, शेताचा धुरा म्हणजे बांध, हद्द असलं काही आलं की मी दोघांना एकच गोष्ट विचारायचो, "आज मिटवलं तर कोणापासून लपवावं लागेल?" माणूस थोडा घुटमळायचा आणि नाव सांगायचा. कोणाचा पोरगा असायचा, कोणाचा भाऊ, कोणाची सून. मी आधी त्या माणसाला बोलावून आणायचो आणि खुर्ची त्याला द्यायचो. मग चहा सांगायचो आणि शिपायाला म्हणायचो, दरवाजा लोटू नको, सताड उघडा राहू दे.