ताईने मॅनेजर व्हावं की नाही

माझ्या थोरल्या बहिणीने मॅनेजर व्हावं की नाही, या प्रश्नाने तिच्यापेक्षा माझं डोकं जास्त खाल्लं. मी रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये काम करते. दुपारी दीड ते दोन एवढीच माझी जेवणाची सुट्टी. त्या आठवड्यात रोज एक बत्तीसला फोन वाजायचा आणि पलीकडून ताई म्हणायची, "ऐक, मी नाहीच म्हणणार आहे." दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला, "ऐक, मी हो म्हणून टाकते." डबा उघडायच्या आत माझी भूक मेलेली असायची.

ताई घरसामानाच्या मोठ्या दुकानात आहे. तीन मजले. तळाला भांडी आणि दिवे, मधे पडदे-चादरी, वर फर्निचर. ती तिथे कॅश काउंटरवर लागली तेव्हा तीन महिन्यांचीच बोली होती. हातात रसायनशास्त्राची पदवी, कुठेतरी शिकवायची नोकरी मिळेपर्यंत काहीतरी हवं, एवढाच विचार. त्याला अकरा वर्षं झाली. आई मात्र अजून लोकांना सांगायची, "थोरली सध्या दुकानात आहे." एवढं लांबलेलं "सध्या" मी दुसरं पाहिलेलं नाही.

या अकरा वर्षांत ताई काउंटरवरून पडद्यांकडे गेली आणि पुढे मधल्या मजल्याची प्रमुख झाली. खिडकीचं माप न घेता आलेली माणसं दोन्ही हात पसरून "अशी एवढी आहे" म्हणतात, तेव्हा ताई त्यांच्या हातांकडे न बघता चेहऱ्याकडे बघते आणि म्हणते, "साडेचार फूट. हात जरा जास्तच पसरलेत तुम्ही." घरी जाऊन मोजलं की साडेचारच भरतं. कामात ती इतकी तरबेज, आणि स्वतःबद्दल एक निर्णय घ्यायचा म्हटलं की तिचे हातपाय गळायचे.

झालं असं, की दुकानाच्या मॅनेजरांना मुख्य कार्यालयात बढती मिळाली. त्यांना सगळे मोठे साहेब म्हणत. सोमवारी सकाळी त्यांनी ताईला केबिनमध्ये बोलावलं.

"तुमचं नाव मी पुढे पाठवलंय. तीन महिन्यांचं प्रशिक्षण आणि मग ही खुर्ची तुमची. हा आठवडा मी रजेवर आहे, दुकान तुम्हीच सांभाळा म्हणजे अंदाज येईल. शुक्रवारी संध्याकाळी मला हो किंवा नाही सांगा."

"विचार करायला थोडा वेळ..." ताई म्हणाली.

"पाच दिवस दिलेत की!" असं म्हणून ते गेले.

घरी तिने भावोजींना विचारलं. भावोजी दातांच्या कवळ्या बनवतात. माणूस लाखात एक, पण तोंड उघडायचं ते दुसऱ्याचं, अशी बहुतेक त्यांची समजूत असावी.

"मी काय करू?"

"तू म्हणशील तसं."

"मी काय म्हणू तेच तर विचारतेय!"

"तुला जे वाटेल ते म्हण."

ताईने उशी फेकून मारली. भावोजींनी ती झेलली, डोक्याखाली घेतली आणि झोपी गेले. आईला विचारलं तर तिचं वेगळंच. "मॅनेजर झालीस म्हणजे तू कायमची दुकानातच की गं!" तिच्या नणंदबाईंचं म्हणणं होतं, की मॅनेजरला सुट्टीच्या दिवशीही फोन येतात, घराची पार आबाळ होते. माझी भाची पंधरा वर्षांची. तिने कागदावर दोन रकाने आखून दिले, फायदे आणि तोटे. ताईने तोट्यांच्या रकान्यात बावीस गोष्टी लिहिल्या आणि फायद्यांच्या रकान्यात "माहीत नाही" एवढंच.

मंगळवारी एक गृहस्थ दोन वर्षं वापरलेली गादी टेम्पोत घालून घेऊन आले. गादीला माणसाच्या आकाराचा खळगा पडला होता. ते म्हणाले, "पाठ दुखते. बदलून द्या." ताईने पाऊण तास समजावलं. शेवटी ते म्हणाले, "मॅनेजरला बोलवा." ताई म्हणाली, "मीच आहे." ते तिला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाले, "तुम्ही नाही, खरा मॅनेजर बोलवा." ही गोष्ट तिने मला फोनवर तीनदा सांगितली आणि तिन्ही वेळा तिचा आवाज आधीपेक्षा चढत गेला.

बुधवारी मुख्य कार्यालयातून नव्या मांडणीचा नकाशा आला. कुठला रॅक कुठे ठेवायचा, कुठल्या फळीवर काय, सगळं रंगीत. दर तीन महिन्यांनी येतो. मधल्या मजल्याच्या बरोब्बर मध्यावर मिठीतही न मावणारा खांब आहे, आणि तो कुठल्याही नकाशात नसतो. ताईने आजवर अकरा पत्रं पाठवली होती, की साहेब, इथे खांब आहे. या वेळी मॅनेजरच्या जागी बसून तिने थेट फोन लावला. पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, आमच्या नोंदीत तिथे खांब नाहीये."

"मी त्याला टेकून उभी आहे आत्ता!"

"तुम्ही लेखी कळवता का?"

त्या दिवशी मीच हसत सुटले, तर ताईने फोन आपटला.

इथवर सगळं वैतागाचं असलं तरी गमतीचं होतं. गुरुवारचं प्रकरण तसं नव्हतं. मुख्य कार्यालयाकडून तपासणीला एक बाई आल्या. तळमजल्यावर दिव्यांच्या विभागात आमच्या वडिलांच्या वयाला टेकलेले एक काका होते. सगळे त्यांना दिवेकाका म्हणत. दोन्ही गुडघे झिजलेले. काउंटरमागे एक लाकडी स्टूल ठेवून, गिऱ्हाईक नसेल तेव्हा ते घटकाभर टेकायचे. मोठ्या साहेबांनी इतकी वर्षं त्या स्टुलाकडे कानाडोळा केला होता. तपासणीच्या बाईंनी नेमकं तेच पाहिलं. कामाच्या वेळी विक्रेत्याने बसायचं नाही, असा कंपनीचा नियम. संध्याकाळपर्यंत लेखी ताकीद छापून आली. दोन परिच्छेद, खाली मॅनेजरच्या सहीसाठी रिकामी ओळ.

"मी नाही सही करणार," दुसऱ्या दिवशी एक बत्तीसला ताई म्हणाली. "त्यांनी मला पहिल्या दिवशी पावतीचा रोल कसा घालायचा ते शिकवलं होतं. मी त्यांच्या हातात हा कागद ठेवू?"

"मग नको करूस."

"मॅनेजर झाले तर करावीच लागेल ना? आज हा, उद्या दुसरा. मला नाही हे जमणार. नकोच ते." मी "बरं" म्हणाले. खरं सांगायचं तर तेव्हा मला हायसं वाटलं, माझं जेवण मला परत मिळणार होतं.

तिने ताकीद तशीच ठेवून दिली, आणि संध्याकाळी मोठ्या साहेबांना फोन करून नाही म्हणून सांगितलं. आईने सुटकेचा श्वास सोडला. भावोजी म्हणाले, "तू म्हणशील तसं."

पंधरा दिवसांनी नवे मॅनेजर आले. आधी ते एका बिस्किटांच्या कंपनीत होते, म्हणून दोन दिवसांत त्यांचं नाव बिस्किटसाहेब पडलं. वाईट माणूस नव्हे, पण भलता घाईचा. पहिल्याच सकाळी त्यांनी साचलेले कागद पुढ्यात ओढले आणि एकापाठोपाठ एक सह्या ठोकल्या. त्यात दिवेकाकांची ताकीदही होती. त्यांनी ती वाचलीसुद्धा नाही. ताई समोर उभी होती. ती म्हणाली, "साहेब, त्या काकांचे गुडघे..." ते म्हणाले, "हो हो, पुढचं काय आहे?"

काकांनी कागद घेतला, घडी घालून खिशात ठेवला आणि स्टूल स्वतःच उचलून गोदामात नेऊन ठेवलं. नऊ दिवस उभे राहिले. दहाव्या दिवशी राजीनामा दिला.

त्या दिवशी ताईचा फोन दुपारी आला नाही. संध्याकाळी ती थेट माझ्या घरी आली आणि चप्पल न काढताच खुर्चीवर बसली.

"मी सही केली नाही म्हणून मला काय वाटत होतं, सांगू? मी फार चांगली आहे असं वाटत होतं. काय उपयोग झाला त्याचा? कागद गेलाच. फक्त माझ्या हाताने नाही गेला."

मी म्हणाले, "तुझी काय चूक त्यात?"

"चूक नाही गं! चूक असती तर बरं झालं असतं, माफी तरी मागता आली असती." आणि मग ती रडली. कोणी वैतागून रडतं तसं, नाक पुसत, स्वतःवरच चिडत.

पुढचे पाच महिने तिने बिस्किटसाहेबांना दुकान शिकवलं. कुठल्या पुरवठादाराची चादर पहिल्या धुण्यात आटते, कुठल्या दोन विक्रेत्या एका पाळीत ठेवायच्या नाहीत, गादीवाल्या माणसाला काय सांगायचं, सगळं. त्यांनी नकाशाप्रमाणे सात फुटी रॅक मागवले. ते खांबापाशी अडले, तेव्हा साहेब खांबाकडे असे बघत राहिले, जणू तो रातोरात उगवलाय. "आता काय करायचं, ताई?" तोवर तेही तिला ताई म्हणायला लागले होते. तिने रॅक आडवे लावून घेतले. महिन्याच्या बैठकीत मांडणीचं कौतुक झालं ते अर्थात साहेबांचं. सहाव्या महिन्यात त्यांना रंगाच्या कंपनीत जागा मिळाली आणि ते गेले. निरोपाच्या भाषणात म्हणाले, "हे दुकान अगदी आपोआप चालतं."

"आपोआप!" ताई मला फोनवर ओरडली. "ऐकलंस? आपोआप!"

त्याच आठवड्यात मोठ्या साहेबांचा पुन्हा फोन आला, खुर्ची घेता का म्हणून. या वेळी ताईने कोणालाच विचारलं नाही. मला नाही, आईला नाही, भावोजींनाही नाही. ती म्हणाली, "घेते. पण प्रत्येक विभागात बसायला एक खुर्ची पाहिजे."

"बसायचं नाही हा कंपनीचा नियम आहे, माझ्या हातात नाही."

"मग ज्याच्या हातात आहे त्याला विचारा. नाहीतर दुसरं कोणीतरी बघा. मी शिकवीन त्यांना, मला सवय झालीय."

तीन दिवस काहीच आलं नाही. त्या तीन दिवसांत ताईने घरातली सगळी कपाटं आवरली आणि भावोजींचे बूट चुकून भंगारात दिले. चौथ्या दिवशी कळवलं गेलं, की दर मजल्याला दोन खुर्च्या, काउंटरच्या मागे, प्रायोगिक तत्त्वावर. ताईने "विभागात एक" असं पुन्हा लिहून पाठवलं. वैतागून का होईना, त्यांनी मान्य केलं.

रुजू झाल्यावर पहिल्या रविवारी ती मला घेऊन दिवेकाकांच्या घरी गेली. दोन खोल्यांचं घर, खिडकीपाशी आरामखुर्ची, काका त्यात पाय लांब करून बसलेले. ताईने सगळं सांगितलं, म्हणाली, "परत या. बसून काम करा. मी आहे आता."

काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तू मॅनेजर झालीस हे फार छान झालं. पण पोरी, आता मला घरी बसायची सवय लागली." काकू आतून म्हणाल्या, "मला नाही लागली अजून!" आम्ही सगळेच हसलो. रस्त्यावर आल्यावर मात्र ताईने रुमाल काढून डोळे पुसले आणि म्हणाली, "सहा महिने उशीर केला मी." ते खरंच होतं.

आज या गोष्टीला दोन वर्षं झाली. दुकान सांभाळतच केलेल्या प्रशिक्षणाच्या परीक्षेत तिला जेमतेम बावन्न गुण मिळाले, कारण "नाराज ग्राहकाशी कसं बोलावं" या प्रश्नाच्या उत्तरात तिने परीक्षकाशीच वाद घातला. ती पूर्वीपेक्षा दमते. सुट्टीच्या दिवशी फोन येतात, नणंदबाईंचं तेवढं खरं ठरलं. गेल्या महिन्यात मी न राहवून तिला विचारलं, "ताई, खरं सांग. हो म्हणालीस ते बरं केलंस ना?"

"थांब गं," ती म्हणाली, "इथे सरकता जिना बंद पडलाय आणि मधोमध एक बाई सोफा घेऊन उभी आहे." आणि तिने फोन ठेवून दिला.