चष्म्याच्या डबीतला छर्रा

नापासकाकांनी जावयाला घराबाहेर काढलं आणि मागोमाग त्याचं लढाऊ विमानही भिरकावून दिलं, अशी बातमी सोमवारी सकाळी तळमजल्यावर होती. वरच्या मजल्यावर पोचेपर्यंत विमानाला आगही लागली होती. खरं म्हणाल तर कुणी कुणाला काढलं नव्हतं. जावई आपणहून उठला होता, अर्धा चहा तसाच ठेवून. आणि विमान? ते वीतभर लांबीचं, राखाडी प्लॅस्टिकचं, काकांच्याच कपाटावर सुखरूप होतं. फक्त नाक आभाळाकडे करून शेपटीवर बसलं होतं. सगळं बिनसलं ते त्या बसण्यावरून.

काका मूळचे वाहन परवान्याचे परीक्षक. अख्खी नोकरी परक्यांच्या शेजारी बसून काढली. आरशात बघितलं नाही, नापास. चढावर गाडी तसूभर मागे सरकली, नापास. सख्ख्या मेव्हण्यालाही सोडलं नाही. आज जो जावई आहे, त्यालाही तेव्हा चढावरूनच माघारी धाडलं होतं, "परत या" म्हणून. तो परत आला, पास झाला आणि परवान्याबरोबर पोरगीही घेऊन गेला, असं काकू आल्यागेल्याला सांगतात.

निवृत्त झाले तरी हात शिवशिवणारच. शहरात प्लॅस्टिकची छोटी विमानं जोडणाऱ्यांचा एक क्लब आहे. नवा किट आला की सभासदांपैकी एकाने तो जोडून बघायचा आणि रविवारी सगळ्यांसमोर निकाल सांगायचा. भाग नीट जुळतात का, पंखाच्या सांध्यात फट राहते का, वैमानिकाच्या डोक्यावरची काच स्वच्छ आहे का, पत्र्याच्या जोडांच्या रेघा नाजूक आहेत की शेत नांगरल्यासारख्या. हे काम काकांकडे गेलं नसतं तरच नवल.

या खेपेचा किट जावयाचा होता. जावई एका लहानशा कारखान्यात मगांचे आणि बादल्यांचे साचे बनवतो. मालकाच्या नाकदुऱ्या काढून, रिकाम्या वेळात, उरल्यासुरल्या पोलादातून त्याने या विमानाचा साचा स्वतः कोरला होता. मालकाचं म्हणणं सरळ होतं. क्लबवाल्यांनी वाखाणलं तर साचा मशीनवर चढेल, नाहीतर तोच घासून त्यातून साबणदाण्यांचा साचा करायचा.

काकांनी डबा उघडला तेव्हा त्यांची छाती फुगली, पण ते त्यांनी काकूंनाही कळू दिलं नाही. भाग असे बसत होते की फट शोधायला भिंग लागलं. एका पुडीत सायकलच्या बेअरिंगचा छर्रा होता. असल्या विमानाचा भार मागे असतो, म्हणून नाक चिकटवण्याआधी त्यात वजन बसवावं लागतं, नाहीतर ते बूड टेकतं. क्लबातल्या नवख्यांना हे शिकवणारे काकाच. छर्रा टेबलावरून घरंगळायला लागला, म्हणून त्यांनी तो हाताशी असलेल्या चष्म्याच्या रिकाम्या डबीत टाकला. तेवढ्यात फोन वाजला.

फोनवर क्लबाचे अध्यक्ष, पेशाने दातांचे डॉक्टर. "काका, जावयाचा माल आहे म्हणून हात सैल सोडू नका हं. लोक बोलायला लागलेत."

"कोण बोलतंय?"

"कोण म्हणजे... आत्ता तरी मीच."

काका तणतणत टेबलाशी आले. "मी हात सैल सोडणार? मी?" त्या तिरीमिरीतच त्यांनी नाकाला गोंद लावला आणि दाबून बसवलं. वाळल्यावर विमान चाकांवर ठेवलं, तर ते सावकाश मागे कललं आणि मटकन बसलं. छर्रा घातला की नाही, अशी शंकासुद्धा त्यांना शिवली नाही. आपण घातलाच असणार. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका बघितलेल्या माणसाला स्वतःची चूक कुठे शोधायची हेच ठाऊक नसतं.

रविवारी त्यांनी निकाल दिला. "भाग उत्तम. पण नाकात वजनाला जागाच कमी ठेवली आहे. जे विमान जमिनीवर उभं राहत नाही, ते आकाशाच्या काय कामाचं? नापास."

"बसू द्या हो, दमलं असेल बिचारं!" अध्यक्ष म्हणाले आणि क्लब खदखदून हसला. जावईही हसला, पाहुण्यासारखा. मग सासऱ्यांबरोबर घरी आला आणि अर्धा चहा पिऊन निघून गेला.

सोमवारी काका दाढीला गेले. खुर्चीत बसून चष्मा काढला, डबी उघडली, तर आत छर्रा. गळ्याभोवती फडकं आवळलेलं, गालांवर साबण, पळायचीही सोय नव्हती. समोर मोठा आरसा. लोकांना जन्मभर आरशात बघा म्हणून दटावणाऱ्या काकांनी डोळे मिटून घेतले.

"काका, वस्तरा लागला का?" न्हाव्याने विचारलं.

"नाही. चालू दे तुझं."

त्यानंतर काका जिन्याने चढले-उतरले की खिशातून टकटक ऐकू यायची. छर्रा फेकवत नव्हता आणि दाखवतही येत नव्हता. एकदा गॅलरीतून हात बाहेर काढला, तर खालून आवाज आला, "काय टाकताय काका?" "काही नाही, हवा बघतोय," म्हणून त्यांनी मूठ आत घेतली. छर्रा परत डबीत. सांगायचं कुणाला? एका माणसाला सांगायचं म्हणजे सगळ्या क्लबाला सांगायचं, आणि मग ज्यांना चढावरून परत पाठवलं ते सगळे चढ उतरून हसायला येणार.

गुरुवारी काकू भाजी चिरता चिरता म्हणाल्या, "लेकीचा फोन होता. साचा घासायला घेतलाय म्हणे. आणि अहो, तुमच्या खिशात काय वाजतं सारखं?"

काकांनी चपला घातल्या.

कारखान्यात गरम प्लॅस्टिकचा वास होता. मशीन सुस्कारा टाकून उघडायचं आणि एक हिरवा मग खाली पडायचा. कोपऱ्यातल्या बाकावर जावई तेलकट चिंधीने साच्याचा एक भाग पुसत होता.

"या बाबा. बसा. चहा सांगू?"

काकांनी डबी उघडून पुढे धरली. जावयाने आधी छर्ऱ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"हा पुडीतला?"

"हो. नाक चिकटवताना फोन आला आणि हा डबीतच राहिला. तुझी जागा बरोबर होती. मीच..." पुढचा शब्द त्यांनी हजारो लोकांना ऐकवला होता, पण तो आता तोंडातून निघेना.

जावई चिंधी चुरगाळत म्हणाला, "मी रोज त्या नाकाची मापं काढतोय बाबा. रोज बरोबर येतात, आणि रोज वाटतं, आपल्याला मोजताच येत नाही. विमान हलवून बघावं, आत छर्रा आहे का, हे डोक्यातच आलं नाही. तुम्ही कसे विसराल, असं वाटलं."

त्याने शिव्या दिल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं.

"साचा?" त्यांनी विचारलं.

"पंखांचा भाग शाबूत आहे. चाकांचा कालच घासला."

त्या रविवारी काकांनी क्लबात सगळ्यांदेखत पकडीने विमानाचं नाक उचकटलं, छर्रा आत बसवला आणि विमान टेबलावर ठेवलं. ते तीन चाकांवर उभं राहिलं. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं, असंही काकांना वाटून गेलं.

अध्यक्षांनी घसा खाकरला. "म्हणजे किट पास?"

"किट पास. परीक्षक नापास. आणि फोन करणाऱ्याचं काय करायचं ते तुम्ही ठरवा."

मालक विरघळला, पण अर्धाच. साचा ठेवतो म्हणाला, मात्र चाकांचा भाग पुन्हा कोरायचा तो कारखान्याच्या वेळेत नाही. जावई सकाळी लवकर जाऊन कोरू लागला. काकाही जाऊ लागले. कोरलेल्या जागा पॉलिश पेपरने गुळगुळीत करायचं काम त्यांनी मागून घेतलं. जावई भिंग लावून तपासतो. कोपऱ्यात केसाएवढा ओरखडा दिसला की भिंग खाली ठेवतो आणि, शपथेवर सांगतात कारखान्यातली माणसं, अगदी काकांच्याच आवाजात म्हणतो, "परत या."

अर्धा राहिलेला चहा मात्र अजून पुरा झालेला नाही. लेक येते, जावई खाली गाडीतच थांबतो. फाटकासमोरच्या चढावर गाडी छान धरून ठेवतो, काकू खिडकीतून बघून सांगतात. काका खिडकीशी येत नाहीत.

परवा जिन्यात तळमजल्यावरच्यांनी त्यांना गाठलं. बोटं काळी, शर्टाला तेलाचे डाग. "काय काका, या वयात जावयाच्या हाताखाली उमेदवारी? आणि तो म्हणे रोज नापास करतो! लाज नाही वाटत?"

काका पायरीवर थांबले. खिसा आता वाजत नव्हता.

"वाटते ना," ते म्हणाले. "पण नापास करायला तरी बोलतो माझ्याशी. पास केलं तर उद्या कुठल्या तोंडाने जाऊ?"