पळालेला डोंगर

आमच्या थोरल्या सूनबाईला बोट लागते. नुसत्या तलावातल्या होडीतही ती डोकं धरून बसते! तीच आता मागच्या खोलीत बसून समुद्राचा तळ आखायला शिकत होती. दूरचं जहाज पाण्यात आवाज सोडून खोली मोजतं, ते आकडे क्लाउडवर चढतात आणि आमच्या पडद्यावर तळ उमटतो. त्यातले माशांबिशांमुळे उमटलेले खोटे ठिपके तेवढे पुसायचे.

परीक्षेच्या दिवशी परीक्षक बाई पडद्याच्या कोपऱ्यातून बघत होत्या, आणि सपाट तळावर भलामोठा उंचवटा दिसला. चूक झाली तर नोकरी हुकणार होती.

"मासे असतील, पुसून टाक," माझा मुलगा म्हणाला.

"आणि खडक असला तर?"

तिने परत निघालेलं जहाज कॅप्टनला फोन करून मागे वळवायला लावलं. दुसऱ्या फेरीत तिथे काहीच नव्हतं.

"बाई, तुमचा डोंगर पोहत पळाला की हो!" कॅप्टन खदखदून हसला. सूनबाईचं तोंड एवढंसं झालं.

तेवढ्यात पडद्यावरच्या परीक्षक बाई म्हणाल्या, "न तपासता पुसला असतास, तर नापास केलं असतं. सोमवारपासून कामावर ये."

"कुठे येऊ?"

"अगं, आहेस तिथेच बस!"