बशीखालचा चहा

आपांसमोर चहा आला की त्या कपावर बशी पालथी घालायच्या आणि हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसायच्या. ज्या कामाला आलो ते होईपर्यंत कपाला तोंड लावायचं नाही, हा त्यांचा नेम. मग ते सरकारी अर्ज भरून देणारं टायपिंग सेंटर असो, दवाखाना असो की मुलीच्या शाळेतल्या हेडबाई असोत. कागदी कपातून करक, म्हणजे इथला कडक दुधाचा चहा, आला तर त्यावर पर्समधलं रेसिडेंट कार्ड आडवं ठेवायच्या. समोरचा माणूस आधी "घ्या ना, घ्या ना" करायचा, मग त्याची नजर त्या बशीवरच खिळायची, मग तो खुर्चीत चुळबुळ करायचा आणि शेवटी कागद शोधायला उठायचा. काम झालं की आपा बशी उचलायच्या, सायीसकट गार चहा एका दमात संपवायच्या आणि तृप्त चेहऱ्याने म्हणायच्या, "मस्त झाली हो चाय!"

मी सांगलीची. आमच्याकडे दिलेला चहा न पिता बसणं म्हणजे यजमानाच्या सात पिढ्यांचा अपमान. पहिल्यांदा आपांबरोबर टायपिंग सेंटरला गेले तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. बाहेर आल्यावर मी विचारलं, "आपा, हे काय हो?" त्या म्हणाल्या, "अगो, कुणाची चाय एकदा पोटात गेली, की त्याच्याशी भांडायला तोंड उघडत नाय. माझा तरी नाय उघडत. म्हणून आदी काम." मी त्या माणसाचा चहा बिस्किटांसकट संपवून बसले होते.

आम्ही दोघी मस्कतमधल्या अझैब्यातल्या एका किचनमध्ये कामाला होतो. ऑफिसांना आणि कामगारांच्या कॅम्पांना जेवण पुरवणारं किचन. मालक ओमानी, रुस्ताक गावचे. त्यांना सगळे अर्बाब म्हणायचे आणि ते ईदखेरीज क्वचितच दिसायचे. कारभार सगळा जोगळेकर साहेबांकडे. मी फोनवर ऑर्डरी घ्यायचे, अर्धा दिवस. आपाही अर्धाच दिवस. आमच्यासारख्या बऱ्याच जणी होत्या. नवऱ्यांची ड्यूटी, मुलांची शाळा, घरातली म्हातारी माणसं यांच्यामध्ये जेवढा दिवस उरायचा, तेवढा किचनला द्यायचा.

आपा दाभोळच्या खाडीकडच्या. अल अमेरातहून भल्या पहाटे कंपनीच्या गाडीने यायच्या आणि दुपारच्या आत माशाचं कालवण, भात, डाळ असा सगळा डोंगर उपसून परत जायच्या. किचनमध्ये त्यांचा आवाज चढलेला मी ऐकला नाही, पण त्यांनी नुसतं "हं" म्हटलं की कांदा चिरणारीचा हात चटचट चालायला लागायचा. अर्ध्या दिवसात त्या करायच्या तेवढं काम इतरांना पूर्ण दिवसातही उरकायचं नाही, हे जोगळेकर साहेबांनाही मान्य होतं. फक्त ते मोठ्याने म्हणायचे नाहीत.

रमझानमध्ये आपांची खरी पंचाईत. इफ्तारची पाकिटं शेकड्यांनी जायची आणि ह्यांचा रोजा. चव घ्यायची कुणी? आपा पातेल्यावर वाकून नुसता वास घ्यायच्या, मीठ टाकायच्या आणि हाक मारायच्या, "मंगल!" मंगल ही संगमेश्वरची, पूर्ण वेळ चपात्या लाटणारी, हसरी, गोल चेहऱ्याची बाई. ती पिठाच्या हाताने यायची, कालथ्याच्या टोकावरचं थेंबभर जिभेला लावायची आणि मान डोलवायची किंवा नाक मुरडायची. आपा तिला म्हणायच्या, "ह्या महिन्यात तू माझी जीभ." दरवर्षीचा हा शिरस्ता. एकीच्या रोज्याला दुसरीची जीभ कामी यायची आणि त्यात कुणाला काही विशेष वाटायचं नाही.

एका वर्षी मात्र मंगलने बिर्याणीचा मसाला चाखला आणि ती पोट धरून खालीच बसली. मग कळलं की पित्ताशयात खडे आहेत, डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय, आणि ती कित्येक महिने वेदनाशामक गोळ्यांवर दिवस ढकलतेय. "गावी गेल्यावर करून घेईन," ती म्हणाली. आखातातल्या आम्हा सगळ्यांचं हे ठरलेलं उत्तर. दात दुखतो, गावी गेल्यावर. डोळ्यांसमोर अंधारी येते, गावी गेल्यावर. इथे आजारालासुद्धा सुट्टी मंजूर होईपर्यंत थांबावं लागतं. आपांनी तिला उठवून खुर्चीत बसवलं, ओढणीने तिचा घाम पुसला आणि म्हणाल्या, "खडे काय तुझ्या तिकिटाची वाट बघत बसलेत?"

त्याच सुमारास विम्याची बातमी आली होती. खाजगी कंपन्यांनी आपल्या कामगारांचा आरोग्य विमा काढायचा, असा सरकारचा नियम येतोय म्हणून. किचनमध्ये आनंदीआनंद. मंगलने तर ऑपरेशन इथेच करायचं म्हणून घरी सांगूनही टाकलं. आमच्यासारख्या अर्ध्या दिवसवाल्यांचं काय, याचं उत्तर मात्र ज्याला विचारावं तो वेगळंच द्यायचा. जोगळेकर साहेबांनी आपल्यापुरतं ते सोडवून टाकलं. अर्ध्या दिवसाच्या बायका विम्यात नाहीत, असं त्यांनी सांगितलं. एवढ्यावर थांबते तर एक वेळ चाललं असतं. पण विमा एजंटाने त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं आणि ईदनंतर मंगलसकट आणखी काही जणींची पूर्ण पाळी अर्धी करायची, असं ठरलं. विमा लागू व्हायच्या आतच. काम तेवढंच, बाई तीच, फक्त पाळी अर्धी. म्हणजे पगारही गेला आणि ऑपरेशनही.

आपा केबिनमध्ये गेल्या. मी फोनपाशी, दार उघडं, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. साहेबांनी चहा मागवला. बशी पालथी पडल्याचा आवाज आला.

"आपा, तुमचं म्हणणं मला पटतं हो," साहेब म्हणाले, "पण पार्ट टाइमला विमा कोण देतं? अर्बाबना खर्च कसा पटवू मी?"

"साहेब, मी अर्धा दिवस येते. अर्धी येत नाय. चुलीपाशी उभी राहते ती आखीच राहते ना? ताप आला तर तो काय अर्धा येणाराय?"

"बघू. ईद होऊन जाऊ दे."

"मंगलचा काय?"

"बघू म्हटलं ना."

साहेब मनाने वाईट नव्हते, पण भित्रे होते. भित्र्या माणसाच्या तोंडी 'बघू' फार. आपा उठल्या. झाकलेला चहा तसाच टेबलावर ठेवून त्या बाहेर आल्या. असं मी पहिल्यांदाच पाहत होते. मला वाटलं, संपलं. मला रडूही आलं आणि साहेबांचा रागही आला, आणि ऑर्डरचे फोन तर वाजतच होते.

ईदला अर्बाबच्या रुस्ताकच्या घरी सगळ्या स्टाफला जेवण असायचं. डोंगर मागे टाकत बस निघाली. बायका नटूनथटून, मंगलसुद्धा काठाच्या साडीत, पण जमिनीतल्या भट्टीत भाजलेल्या शुवाच्या मटणाचा विषय निघाला की तोंड फिरवणारी. घरी पोहोचल्यावर पुरुष बाहेरच्या बैठकीत, मजलिसमध्ये, गेले आणि आम्ही आत, अर्बाबच्या आईकडे. त्यांना सगळे बडी अम्मा म्हणायचे. गालिच्यावर टेकून बसलेल्या, काटक, बारीक डोळ्यांच्या. हलवा फिरला, खजूर फिरले, आणि अर्बाबच्या सूनबाईंनी छोट्या कपांमधून कहवा, म्हणजे त्यांची बिनदुधाची कॉफी, दिला. वेलचीचा वास सुटला. आम्ही सगळ्यांनी कप तोंडाला लावले.

आपांनी आपला कप गालिच्यावर ठेवला. बशी नव्हती, म्हणून त्यावर तळहात ठेवला.

मी कुजबुजले, "आपा, सण आहे. घ्या की. कसं दिसतं ते?"

"काम झाला नाय."

"इथे कसलं काम?"

"हितंच तर हाय," त्या म्हणाल्या आणि बडी अम्मांकडे बघून गोड हसल्या.

बडी अम्मांनी त्या झाकलेल्या कपाकडे पाहिलं. मग आपांकडे. मला वाटलं, आता म्हातारी रागावणार आणि आम्हा सगळ्यांना उपाशी बसमध्ये बसवणार. बडी अम्मा सूनबाईंना अरबीत काहीतरी म्हणाल्या. सूनबाई लगबगीने बाहेर गेल्या. थोड्या वेळाने दारात खाकरल्याचा आवाज झाला आणि साक्षात अर्बाब आत आले, पांढराशुभ्र पायघोळ डिशडाशा घातलेले, आणि त्यांच्या मागे उंबऱ्यापाशी घामाघूम जोगळेकर साहेब. अर्बाबनी आईच्या कपाळाचं चुंबन घेतलं आणि आपांसमोर गालिच्यावर बसले.

"आपा," ते त्यांच्या मोडक्या हिंदीत म्हणाले, "अम्मा बोलती, मेहमान कहवा नहीं पीती. बोलो, क्या माँगती?"

त्यांच्यातली ही जुनी रीत मला सूनबाईंनी नंतर सांगितली. पाहुण्याने कहवा न पिता खाली ठेवला, म्हणजे त्याचं यजमानाकडे काही मागणं आहे. ते विचारल्याशिवाय यजमानाने गप्प बसायचं नाही, आणि होण्यासारखं असेल तर नाही म्हणायचं नाही. हल्ली कुणी करत नाही, पण बडी अम्मांना त्यांच्या वडिलांच्या मजलिसमधलं आठवत होतं. आपांना यातलं काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. त्या फक्त त्यांच्या नेमाला चिकटून बसल्या होत्या.

"अर्बाब," आपांनी मंगलचा हात धरून तिला पुढे ओढलं, "ये मंगल. इसके पेट में पत्थर है. पूरा दिन तुम्हारी रोटी बेलती. इंशुरन्स आया, तो इसको आधा दिन कर दिया. हम लोग तो पहले से आधा दिन, हमको बोला तुम्हारा नहीं. हम पकाते वो खाना लोग पूरा खाते, ना?"

"सर, ये हम ऑफिस में..." उंबऱ्यावरून साहेब म्हणाले.

अर्बाबनी मागे न बघता हात वर केला. मग मात्र बघितलं. "जोगळेकर, ये औरतें मेरे किचन में काम करती?"

"हो... येस, अर्बाब."

"तो सबका इंशुरन्स. आधा दिन, पूरा दिन, सबका. इसका काम भी पूरा दिन रखो. खलास." मग आपांकडे वळून हसले. "हो जायेगा, इन्शाल्ला. अब पियो."

आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. आपांचा तळहात मात्र कपावरून हलला नाही.

"इन्शाल्ला तो हम भी बोलते, अर्बाब," त्या अदबीने म्हणाल्या. "अल्ला की मर्जी है ही. जोगळेकर साहब की मर्जी कब होयेगी, वो बोलो."

सूनबाईंनी हे अरबीत सांगितलं आणि बडी अम्मा अशा काही हसल्या, की त्यांना ठसका लागला आणि पाणी द्यावं लागलं. अर्बाबही हसायला लागले. साहेबांनी स्वतःहूनच सांगितलं, "सुट्टी संपली की पहिल्याच दिवशी, आपा. वचन." तेव्हा आपांनी तळहात उचलला, निवलेला कहवा पिऊन टाकला आणि बडी अम्मांना म्हणाल्या, "मस्त!" ते भाषांतर न करताही त्यांना कळलं.

परतीच्या बसमध्ये नुसती धमाल. गाणी, टाळ्या, आणि मंगल हसत हसत रडत होती. जुन्या दुखण्याला विमा लागू नाही, असं खुसपट एजंटाने पुढे काढलं खरं. पण आता त्याच्यासमोर आपांबरोबर साहेबही बसले होते. दोन कप गार झाले आणि मंगलचं नाव मंजूर झालं. मस्कतमध्येच तिचं ऑपरेशन झालं. ती कामावर परत आली त्या दिवशी रमझान नव्हता, रोजा नव्हता, तरी आपांनी कालवणाचा कालथा उचलला आणि किचनच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशी हाक मारली, "मंगल!"

आपा आता गावी असतात. नवऱ्याने अल अमेरातमधलं आपलं दुकान बंद केलं आणि दोघं खाडीकाठच्या घरी राहायला गेले. निरोपाच्या दिवशी आम्ही चहा केला, तर त्यावरही बशी पडलीच. साहेब न विचारताच म्हणाले, "आपा, यापुढे कुठलीही नवी बाई आली, अर्ध्या दिवसाची का असेना, चुलीपाशी उभी राहायच्या आत तिचा विमा होईल." आपांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं, बशी काढली आणि चहा प्यायल्या. गाडीत बसताना त्या मला म्हणाल्या, "साहेब चांगला माणूस. थोडा गार होऊ द्यावा लागतो." मी त्यांना घट्ट मिठी मारली. घरच्यांखेरीज मला आपांइतकं जवळचं या देशात कुणीच नव्हतं, आणि तेव्हा ते मी सांगूनही टाकलं.

परवा विम्याच्या नूतनीकरणाला तो जुना एजंट आला होता. खर्च कमी करायची युक्ती म्हणून त्याने पुन्हा तेच सुचवलं. अर्ध्या दिवसाच्या बायका वगळा. मी फोनपाशी, दार उघडं. दोन कप चहा आत गेला. एजंटाने आपला कप उचलला. जोगळेकर साहेबांनी सावकाश बशी उचलली आणि स्वतःच्या कपावर पालथी घातली.

"घ्या ना साहेब," एजंट म्हणाला.

"आधी काम होऊ दे," साहेब म्हणाले.

एकही नाव न वगळता सह्या झाल्या. संध्याकाळी मी दाभोळला फोन लावून आपांना सगळं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "मग चाय प्याला का साहेब?"

"प्याले, आपा. पार गार झाला होता."

"मस्त लागली असेल," आपा म्हणाल्या.